फ्रेमच्या बाहेरचा देवाजी

राजेहो, एक कॅसेट आली की दोन किस्से येतात. एक आतल्या फितीवरचा अन् दुसरा ती घेऊन येणाऱ्याचा. आतला पुसट झालेला असतो. दुसरा मात्र दुकानाच्या पायरीवरच सुरू होतो अन् चहा झाल्याशिवाय संपत नाही. कपाटात कॅसेटी मावत नाहीत, डोक्यात किस्से मावत नाहीत. म्हणून सांगून टाकतो.

मी व्हिडिओवाला. चंद्रपूरच्या पलीकडं आमची कोळसा खाणीची कॉलनी. तिथली लग्नं, बारशी, जयंतीच्या मिरवणुका, रिटायरमेंटचे हारतुरे, सगळं मीच शूट केलं. मग खाण बंद पडली, माणसं पांगली, अन् आता क्वार्टर रिकामे करून पाडणं सुरू आहे. सामान बांधताना प्रत्येक घरातून एक तरी कॅसेट निघते. "भाऊ, चालते काय पाहा ना!"

मी ती पुसून कॉम्प्युटरवर घेतो अन् रविवारी दुपारी विहाराच्या हॉलमध्ये खिडक्यांना घोंगड्या लावून पांढऱ्या चादरीवर दाखवतो. जे उरले ते सगळे येतात. आमच्या शाळेचे रिटायर झालेले उराडे मास्तर रजिस्टर घेऊन बसतात अन् दिसणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव लिहून घेतात. लोक गप्प बसून पाहत नाहीत. मेलेल्या माणसांशी बिनधास्त बोलतात. "अबे, टोपी सरळ कर!" असं कोणी ओरडलं की समजायचं, भाऊ दिसला.

सगळ्यांत पुढे, चादरीपासून हातभर अंतरावर, शेवंताबाई. एका डोळ्यात मोतीबिंदू. कॅसेट सुरू झाली की तिचा एकच प्रश्न, "यात आहेत काय जी ते?"

ते म्हणजे देवाजी, तिचा नवरा. खाणीत छत कोसळलं त्यात गेला, त्याला वीसेक वर्षं झाली. तिच्याजवळ फोटो एकच, ओळखपत्रावरचा. त्यात तो चोरी करताना सापडल्यासारखा पाहतो. अन् गंमत पाहा, माझ्या एकूण एक शूटिंगला देवाजी हजर होता! ड्युटी सांभाळून माझ्यासोबत यायचा अन् हॅलोजनचा लाईट धरायचा. पण लाईट धरणारा माणूस कॅमेऱ्यात येत नसतो. आला तर ती आमच्या धंद्यातली चूक.

महिनाअखेर शेवंताबाईचं क्वार्टर सुटणार होतं. लेक धानोऱ्याला दिलेली, तिच्याकडे जायचं. तिथून ती कशाची येते रविवारी! मी आपला दर वेळी म्हणायचो, "पाहू ना बाई, निघतील कुठीतरी."

*

बाबूराव धोतरात गुंडाळून पोरीच्या लग्नाची कॅसेट घेऊन आले. मशीनमध्ये घातली तर करकर आवाज. काढून हलवली, तर टेबलावर तांदूळ!

मी भडकलो. मशीन आता मिळत नाही कुठे, दुरुस्त करणारा तर त्याहून मिळत नाही. "बाबूराव, हे काय हो? मशीन आहे का गिरणी?"

"ओल लागू नये म्हणून कोठीत ठेवली होती. कडूनिंबाचा पाला घालून."

"अन् पाहिली कधी?"

"पाहाले व्हीसीआर कुठी होता माह्याजवळ? पण पोरगी घरात होती ना."

मी हसलो. शेजारी बसलेल्या मास्तरांनी माझा पाय दाबला. ही पोरगी लग्नानंतर वर्षभरातच बाळंतपणात गेली होती, ते मला ठाऊक नव्हतं. कॅसेट उघडून एकेक दाणा चिमट्यानं काढला. लोकांच्या कपाटातल्या कॅसेटींवर पांढरी बुरशी चढलेली असते. या फितीवर मात्र एक डाग नव्हता.

*

आमच्या कॉलनीतल्या लग्नांत एक भानगड असायची. दुपारी दोनला खाणीचा भोंगा वाजला की पंगतीतून अर्धी माणसं हात धुऊन उठायची. सेकंड शिफ्ट! नवरदेवाचा सख्खा मामासुद्धा अंगठीवाला हात हलवत पळताना माझ्या एका कॅसेटमध्ये आहे.

एका रविवारी ती कॅसेट लावली. मंगल परिणय आटोपला, वाढपी फिरू लागले, अन् स्पीकरमधून भोंगा वाजला. भोंगा बंद होऊन किती वर्षं झाली!

मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सिरोंच्याकडचे रामय्या, जन्मभर फेसवर, म्हणजे खाणीत अगदी आत, कोळसा काढलेला माणूस, उभे. पायानं चपला चाचपडून राह्यले होते.

त्यांची बायको हळूच म्हणाली, "बसा जी. खाण बंद झाली."

"मले माहीत आहे," रामय्या म्हणाले. "पायाले माहीत नाई."

पण बसले काही नाहीत. दारापर्यंत जाऊन आले.

*

लाल शर्टवाल्याचा किस्सा वेगळाच. मास्तर रजिस्टर लिहीत होते. "हा कोण?" कोणालाच माहीत नाही. मुलीकडचे म्हणत मुलाकडचा, मुलाकडचे म्हणत मुलीकडचा. पुढच्या रविवारी दुसऱ्या लग्नात तोच! त्याच्या पुढच्या रविवारी बारशात! तोच शर्ट, तीच कडेची जागा, तीच खाली घातलेली मान.

"फुकट्या आहे बे!" सगळे हसले. मास्तरांनी नावाच्या जागी लिहिलं, 'कायमचा पाहुणा'.

मग एकदा रामय्यांनी ओळखलं. ठेकेदाराकडचा मजूर होता, जंगलाकडून आलेला, खाणीच्या मागं झोपडीत एकटा राहायचा. लग्नाचा मांडव दिसला की येऊन बसायचा. नाव रामय्यांनाही आठवेना. एका पावसाळ्यात झोपडीतच तापानं गेला म्हणे.

त्यानंतर कोणी हसलं नाही. उलट एखाद्या कॅसेटमध्ये तो दिसला नाही, तर शेवंताबाई विचारायची, "आज पाहुणा नाई आला काय?" तिला म्हटलं, बाई, तुम्ही याची काळजी काऊन करून राह्यल्या? तर म्हणे, "त्याले पाहणारं कोण आहे दुसरं?"

*

पुण्याहून एक मुलगा आला. गाडीतून उतरतानाच तोंड वाकडं. "काका, बहिणीच्या लग्नाची कॅसेट आहे. फक्त ते बाबा पिऊन नाचतात तेवढं एडिट करा. माझी मुलं बघणार आहेत."

मला राग आला होता, पण मी म्हटलं, चला, गिऱ्हाईक आहे. बाप नाचतो तेवढं कापलं अन् पेनड्राइव्ह दिला. तो खुश होऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई दुकानात. पदराखाली दुसरा पेनड्राइव्ह. आधी तिनं रस्त्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"भाऊ, पोरानं काढून टाकलं ते मले दे."

"तेवढंच?"

"तेवढंच. बाकी लग्नात मीच रडून राह्यली आहे, ते काय पाहू! माणूस जन्मात तेवढ्यात एकदाच हसला."

*

आता माझी लाज सांगतो. ऐका.

एका लग्नाची कॅसेट सुरू होती. नवरी हार घालणार, अन् चादरीवर एकाएकी एका बाजूनं मोठी सावली आली. हातात लाईटचा दांडा, वायरचा वेढा. तेवढ्यात स्पीकरमधून माझाच आवाज, तरणाबांड, माजलेला, "हट ना बे देवाजी! फ्रेममध्ये येऊन राह्यला! अक्कल आहे काय?"

सावली पटकन बाजूला झाली.

मला वाटलं, जमीन फाटावी अन् खाणीतच पडावं! वीस वर्षं ती बाई ज्याला शोधून राह्यली होती, त्याला मीच हाकलत होतो. अन् तो निमूट ऐकत होता.

शेवंताबाईनं वळून पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या देते. ती म्हणाली, "सावली त्याईचीच आहे. खांदा पाहा ना, उजवा उतरता. कोळशाच्या टोपल्यानं उतरला होता." मग म्हणे, "भाऊ, अजून एकदा लाव."

मी लावलं. पुन्हा माझी शिवी. पुन्हा सावली. पाच वेळा ऐकली मी माझी शिवी.

जाताना ती पायरीवर टेकली. मास्तरांनी विचारलं, तुम्ही का येत नव्हता हो तेव्हा लग्नांना? तर तिच्या मनातली जुनी तक्रार निघाली. "मले कोण नेते! पोरं लहान. हे मात्र पंगतीचे मोठे शौकीन. रातपाळीले जाच्या आधी घरी येत, रुमालातून पुऱ्या अन् बुंदी काढत. म्हणत, 'पोट फुटेस्तोवर जेवलो, हे उरलं, खा तू अन् पोरं.' मी खात होती, पण मनात राग येत होता. स्वतः ताजं जेवून यायचं अन् आम्हाले उरलेलं!"

"सांगितलं कधी त्यांना?"

"सांगितलं ना. भांडलीच एकदा. तं नुसते हसले."

*

त्या शिवीनंतर मला झोप लागेना. देवाजी कुठे तरी असलाच पाहिजे! अन् एका दुपारी फीत पुसता पुसता आठवलं. माझ्या धंद्यातली सगळ्यांत मोठी फजिती!

नवीन कॅमेरा होता, पहिलंच लग्न. एकच बटण. एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. पहिल्यांदाच एकदा जास्त दाबल्या गेलं, अन् मग दिवसभर उलटं! मी शूट करतो म्हणून समजायचो तेव्हा कॅमेरा बंद, अन् बंद केला म्हणून खाली ठेवायचो तेव्हा सुरू. हार नाहीत, वचनं नाहीत, नवरा-नवरी नाहीत. नुसते पाय, सतरंजी, आभाळ अन् कुत्रं. नवरीच्या बापानं कॅसेट माझ्या अंगावर फेकली होती.

म्हणजे त्या दिवशी फ्रेमच्या बाहेरचं सगळं आत होतं!

ती कॅसेट मी पुन्हा वापरली होती का, तेही आठवेना. दोन दिवस माळा उपसला. जुन्या वायरींच्या पेटीत तळाशी सापडली, वर नाव नाही, फितीवर बुरशीचं पांढरं. चार दिवस मऊ कापडानं वीतवीत पुसली. एकदा तुटली, जोडली. बायको म्हणे, स्वतःच्या आईचीही एवढी सेवा केली नाही तुम्ही. शनिवारी कॉम्प्युटरवर घेतली, पण आधी पाहिली नाही. हिंमत झाली नाही.

मागच्या रविवारी लावली. सोमवारी शेवंताबाईचं सामान टेम्पोत जाणार होतं. लेक न्यायला आलेली, तिच्या शेजारी बसलेली.

"यात आहेत काय जी ते?"

"पाहू ना बाई."

पाय आले, सतरंजी आली, कुत्रं आलं. लोक हसले. मग कॅमेरा खुर्चीवर ठेवल्यासारखा हलून थांबला. समोर शेवटची पंगत. वाढपी मंडळी, बँडवाले, अन् कडेला मांडी घालून, लाईटची वायर खांद्यावर अडकवलेली, हसऱ्या चेहऱ्याचा एक काळासावळा माणूस.

लेक म्हणाली, "आई... बाबा."

शेवंताबाई गुडघ्यांवर पुढे सरकली. चादरीला नाक लागेल एवढी.

देवाजीच्या पत्रावळीवर पाच पुऱ्या, भाजी, बुंदीचा एक ढीग. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मांडीवर रुमाल पसरला. पाचही पुऱ्या त्यात ठेवल्या. वर सगळी बुंदी ठेवली, सांडलेले दोन दाणे वेचून तेही ठेवले. चार टोकांची घट्ट गाठ मारली. मग उरलेली भाजी बोटानं पुसून खाल्ली, पत्रावळ दुमडली, अन् लोटीभर पाणी घटाघटा प्यायला. पुन्हा एक लोटी मागून घेतली, तीही प्यायला.

माझा आवाज आला, "का बे देवाजी, झालं काय जेवण?"

त्यानं पोटावरून हात फिरवला. थेट कॅमेऱ्याकडं पाहून हसला. "पोट फुटेस्तोवर जेवलो, भाऊ!"

अन् उठू लागला.

शेवंताबाईनं दोन्ही हात चादरीवर ठेवले.

"अजी, बसा! बसा ना जी! आधी जेवून तं घ्या!"