पेजवर नसलेली ओळ

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये मला कोणी अडाणी ठरवायला नको. कॉम्प्युटरवर बारा वर्षं पोट भरतेय मी. भूतबाधा, अंगात येणं, कोणाला काय दिसलं... असलं काही कोणी सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. संदीप म्हणतो, हिच्यासमोर भूत आलं तर तेच कंटाळून परत जाईल. तर अशा बाईवर हे लिहायची वेळ आलीये. आणि लिहूनही डोक्यात काही उजेड पडेल असं वाटत नाही.

आम्ही जळगावला राहतो. संदीप, म्हणजे माझा नवरा, कॉलेजच्या ऑफिसात आहे. मी घरून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. काम सांगायला सोपं आहे. मला वेबसाईटची यादी येते. मी लिहिलेली स्क्रिप्ट आपोआप ब्राउझर उघडते, एकेका पेजवर जाते, पेज पूर्ण उघडेपर्यंत थांबते आणि माणसाच्या डोळ्याला दिसतो तेवढाच मजकूर उचलून फाईलमध्ये टाकते. मागचा कोड नाही, लपवलेलं काही नाही — फक्त दिसणारं. जोडीला पेजचा एक स्क्रीनशॉट ठेवते. हे 'फक्त दिसणारं' लक्षात ठेवा, सगळा घोळ तिथेच आहे.

आता घरचं. माझं सासर धुळ्याच्या बाजूला, पारोळ्याच्या पुढे हायवेवरून आत. सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात, सासूबाईंना अक्का. संदीपला एक मोठा भाऊ — प्रल्हाददादा. लग्न केलं नाही, शेतीत मन नाही, पण हाताला चव अशी की गावातल्या भरिताच्या पार्टीला आधी दादांना बोलावणं यायचं. मी सून म्हणून आल्यावर मला कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी त्यांनीच शिकवल्या. नानांना मात्र ते चुलीपाशी बसलेले अजिबात खपायचे नाहीत.

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, आधी धान्य काढतात, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. असलेल्या माणसाच्या नावाने काढतात, गेलेल्याच्या नाही. ते धान्य दळायचं, रोट करायचे आणि भाऊबंदांनी मिळून खायचे. बाहेरच्याला कण द्यायचा नाही आणि ताटात टाकायचं तर मुळीच नाही. चार वर्षांपूर्वी ऐन पंगतीत नाना दादांना सगळ्यांदेखत बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण बापाने बोलावं असं नव्हतं. दादा रोट ताटात तसाच टाकून उठले आणि गेले ते गेलेच. फोन बंद. पोलिसांत तक्रार झाली, नातेवाईकांची घरं पालथी घातली, काही हाती लागलं नाही.

त्यानंतर दरवर्षी अक्का कोणाला न विचारता दादांच्या नावाची मूठ काढायच्या. यंदा नाना आडवे आले. ज्याचा ठावठिकाणा नाही त्याच्या नावाने मूठ काढून देवीला कशाला फसवायचं, म्हणाले. अक्का वाद घालणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी फक्त जेवण सोडलं. आपला मुलगा आहे की नाही, हेच त्या मुठीवर ठरणार होतं त्यांच्या लेखी. मी फोनवर नानांना समजावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

धान्य शुक्रवारी काढायचं होतं. गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला मी स्क्रिप्ट चालवत होते. एका ट्रॅव्हल कंपनीसाठी धर्मशाळांची माहिती काढायची होती — खोल्या, जेवणाच्या वेळा, फोन नंबर. फाईल वरवर चाळताना एका जागी मी थांबले. नर्मदेकाठची, गुजरातमधली एक धर्मशाळा. मजकूर सगळा गुजरातीत. आणि जेवणाच्या वेळांखाली देवनागरीत एक ओळ —

नाना, मना नावनी मूठ लिधी का?

अहिराणी आहे, माझ्या सासरची बोली. माझ्या नावाची मूठ घेतली का, असं विचारलंय.

पहिला विचार आला तो संदीपने चावटपणा केल्याचा. पण तो कॉलेजात होता, आणि लॅपटॉपचा पासवर्ड त्याला माहीत नाही. मी टाईप केली म्हणावं तर माझं माहेर नशिराबादचं, आमची बोली वेगळी. माझी अहिराणी ऐकून सासरी लोक अजून हसतात. पुण्याच्या ऑफिसात तर कोणाला मूठही माहीत नाही आणि नानाही माहीत नाहीत.

मी ते पेज उघडलं. ओळ नाही. मागचा कोड काढून शब्द न् शब्द शोधला, नाही. स्क्रिप्ट पुन्हा चालवली, सात वेळा. सातही वेळा फाईलमध्ये ती ओळ नाही, जेवणाच्या वेळा आणि पुढे थेट फोन नंबर. मग पहिल्या वेळचा स्क्रीनशॉट उघडला. त्यातही ओळ नव्हती, पण जेवणाच्या वेळांखाली एका ओळीएवढी मोकळी जागा होती. खऱ्या पेजवर तशी जागाच नाही हो... अजूनही नाही. पुण्याच्या मैत्रिणीला सगळं पाठवलं. ती म्हणाली, कुठून तरी जुना मजकूर आला असेल. अगं, पण कोणाच्या जुन्या मजकुरात आमचे नाना असतील?

धर्मशाळेचा नंबर लावला, कोणी उचलला नाही. संदीप घरी आला, त्याने ओळ वाचली आणि बराच वेळ बूटसुद्धा काढले नाहीत. म्हणाला, घरी सांगू नको, उगाच आशा लागेल. मला मात्र अक्का दिसत होत्या. शुक्रवारी सकाळी आम्ही गावी गेलो आणि मी लॅपटॉप सरळ नानांपुढे ठेवला.

नानांनी चष्मा लावून वाचलं. उठले, हातपाय धुतले आणि धान्यापाशी जाऊन स्वतःच्या हाताने दादांच्या नावाची मूठ काढली. हे काम आमच्याकडे बाया करतात. अक्का दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या दिवशी त्या जेवल्या. मला वाटलं, चला, माझ्या नोकरीचा घरच्यांना एकदाचा काही उपयोग झाला.

कानबाईचं विसर्जन झालं आणि मंगळवारी धर्मशाळेचा फोन लागला. मॅनेजरने हिंदीत सांगितलं की हो, खानदेशचा एक प्रल्हाद इथे स्वयंपाकाला होता. आत्ता आहे का, असं विचारल्यावर तो म्हणाला, तुम्ही एकदा इथे येऊन जा. संदीप दुसऱ्याच दिवशी निघाला. नानांना एवढंच सांगितलं की दादांचा पत्ता लागलाय, संदीप जाऊन येईल.

दोन दिवसांनी तो परत आला आणि स्वयंपाकघरात माझ्या शेजारी जमिनीवर बसला. दादा तिथे तीन वर्षं होते. रजिस्टरमध्ये नाव, सही त्यांचीच. गावाची जागा कोरी. माघात एका सकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. कोणाला कळवायचं ते माहीत नव्हतं, म्हणून तिथल्याच लोकांनी घाटावर अग्नी दिला. मॅनेजरच्या मोबाईलमध्ये फोटो होता, मोठ्या परातीपुढे बसून दादा कणीक मळतायत, हसतायत. संदीपने तो मला दाखवला आणि मग त्याला रडू आवरेना.

माघ... आणि ओळ आली श्रावणात. मग विचारलं कोणी? बरं, गेलेल्या माणसाची मूठ निघत नाही, आणि आम्ही ती काढली. बापाच्या हाताने काढली. ही चूक झाली, की दादांना तेवढंच हवं होतं? मीच ती ओळ नेऊन दाखवली, म्हणजे करणारी मीच. रोज काम सुरू करताना आधी ते पेज उघडते मी. काही नसतं. ह्याचं उत्तर तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर सांगा, फक्त मला शहाणपणा शिकवू नका.

रविवारी गावी जाऊन सांगायचं ठरलंय. तोवर धीर होत नाही. संदीप तर नानांचा फोनच उचलत नाही, सारखा मला देतो. काल संध्याकाळीही मीच उचलला. नाना आधी पाऊसपाण्याचं बोलले, कपाशीचं बोलले. मग म्हणाले, "संदीपले सांग, प्रल्हाद भेटना ना, का त्याले म्हना... मना मनमा काही नही शे. घर ये म्हना."

मी म्हटलं, "सांगते, नाना."