शिवकन्याताईंनी आखलेल्या वाटा

दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा शिवकन्याताईंनी तब्येतीचा विषय काढूच दिला नाही. आधी विचारलं, "कड्याच्या केंद्राचं झालं का रे?" म्हटलं, "झालं ताई, सकाळीच." त्यांनी डोळे मिटले, कपाळावरची आठी सैल झाली... दोन दिवसांनी त्या गेल्या. आता महिना होत आला. त्या दिवशी खरं तेच सांगता आलं, याचं मला अजून बरं वाटतं.

बीडमधली आमची छोटी कंपनी गावोगावची आरोग्य उपकेंद्रं एका नेटवर्कमध्ये जोडते. ताई तिथल्या मुख्य इंजिनिअर. धारूरकडच्या, आईवडील ऊसतोडीला जायचे, त्यामुळं शाळा दरवर्षी मध्येच सुटायची, तरी शिकल्या. मी त्यांच्या हाताखाली नवा होतो. काम लवकर उरकावं म्हणून मी गावोगावच्या कॉम्प्युटरांना नेटवर्कवरचे पत्ते, म्हणजे ओळखीचे आकडे, सरसकट तेच ते देऊन टाकले. गावं सुटी होती तोवर खपून गेलं. सगळी जोडली गेली आणि कडा गावच्या उपकेंद्रानं मागवलेला रिपोर्ट धारूरच्या वाटेला लागून हरवायला लागला. एका बाळंतिणीच्या रक्ताचा रिपोर्ट मी मोटारसायकलवरून कड्याला नेला. ती सुखरूप बाळंत झाली. परत आल्याबरोबर ताईंना सगळं कबूल केलं. नोकरी गेली, असंच धरून चाललो होतो. ताईंनी कंपनीच्या साहेबांना, आमची चूक झाली, वेळ द्या, एवढंच सांगितलं. 'आमची' म्हणाल्या.

मग एकेक गाव घेतलं. प्रत्येक तालुक्याला पत्त्यांचा वेगळा गट. म्हणजे रिपोर्टांना वाट दाखवणाऱ्या मोठ्या राउटरला गावं पाठ करायला नकोत, तालुका ओळखला की पुरे. मी जुने पत्ते भराभर पुसायला निघालो, तर त्यांनी हात धरला. "जुना लगेच पुसायचा न्हाई. नवा समद्यांना कळूस्तोवर दोन्ही ऱ्हाऊ दे." आजार कळल्यावरही त्या गावोगाव येत राहिल्या. शेवटी कडा तेवढं उरलं होतं.

परवा रस्त्याच्या खोदकामात धारूरची केबल तुटली. स्क्रीनवर लाल खूण दिसली आणि मी सवयीनं ताईंना विचारायला वळलो, आता ताई नाहीत... पण धारूरचे रिपोर्ट आपसूक माजलगावकडून वळून पोचत होते. ती दुसरी वाट ताईंनी कधी लावून ठेवली, मला माहीतही नव्हतं. दुपारपर्यंत एकाही गावाचा तक्रारीचा फोन आला नाही. महिनाभर रिकाम्या असलेल्या त्यांच्या खुर्चीत मी पहिल्यांदाच बसलो, आणि निवांत डबा खाल्ला.