दुधाची कॉफी अकरापर्यंत

चाकणच्या कुठल्याही कंपनीत चार लोक चहाला जमले की किस्से निघतात. लेथ मशीनखालच्या लोखंडी बुराद्यासारखे, झाडून काढले तरी दुसऱ्या दिवशी तेवढेच! आमच्याकडे तर पत्रा दाबायची नवी प्रेस बसवायला इटलीहून मार्को आला आणि कहरच झाला, राव.

त्याने ट्रायल पास करून सही केली की लाइनवरचे आम्ही सगळे कॉन्ट्रॅक्टवाले कायम. सही न करता गेला, तर आम्ही घरी. त्यामुळे मार्कोचा मूड हा आमच्या पोटापाण्याचा प्रश्न होता.

*

कँटीनचा चहा त्याने एकदाच घेतला आणि विमानाची चौकशी सुरू केली. आमचे प्लँट मॅनेजर भोसले साहेब घाबरले. लगेच कॉफी मशीन आलं. कँटीनच्या सुमनकाकूंनी पहिला कप बघितला, तळाशी दोन घोट काळं. त्यांनी विचारलं, “खोकला कुणाला झालाय?”

*

त्याच्या गावी म्हणे सगळे काउंटरला उभं राहूनच कॉफी पितात, दोन शब्द बोलतात आणि कामाला लागतात. आम्हीही उभे राहू लागलो. खुर्च्या रिकाम्या, सगळी शिफ्ट उभी! सेफ्टी ऑफिसरला वाटलं संप झाला. त्याने गेट बंद करून घेतलं.

*

मग मार्कोला पेस्ट्री हवी झाली, पापुद्र्यांची. आम्ही पिंपरीहून अननसाची आणली. मेणबत्ती फुकट मिळाली म्हणून लावली, आणि लावलीच आहे म्हणून वाढदिवसाचं गाणंही म्हटलं. तो रडवेला झाला. शेवटी काकूंनी सलीमभाईंच्या बेकरीतली खारी पुढे केली. गडी खुलला!

बुडवून खायला त्याला आमच्या बीडच्या तानाजीने शिकवलं. पहिल्याच वेळी अर्धी खारी तुटून कपात बुडाली. मार्को नुसता कपात बघत राहिला. तानाजीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “जाऊ द्या, साहेब. आमची पण पडती.”

*

पण एका बाबतीत मार्को कोणाचं ऐकत नसे. दुधाची कॉफी सकाळी अकरापर्यंतच, नंतर प्यायली की पोटाचं वाटोळं, असं त्याच्या आईने सांगितलेलं.

ट्रायल झाली ती साडेतीनच्या सेकंड शिफ्टला. प्रेस एकदाही अडली नाही. मार्कोने पेन काढलं, आणि नेमक्या तेव्हाच काकू आनंदाने कॉफी घेऊन आल्या. दुधाची. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मान हलवली. काकूंनी कप सरळ सहीच्या कागदावर ठेवला. “आधी घ्या. मग सही.”

दोघंही हटेनात. भोसले साहेब स्टुलावर चढले आणि त्यांनी घड्याळाचे काटे साडेदहावर आणले.

मार्कोने घड्याळ बघितलं. स्वतःच्या मनगटावरचं काढून खिशात टाकलं. कप उचलला, कॉफी प्यायला, सही केली. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं.

साहेब अजून स्टुलावरच होते. तानाजी खालून म्हणाला, “साहेब, साडेदहा वाजले म्हणजे आमी शिफ्टच्या पाच तास आधी आलोय. ओव्हरटाइम लागंल ना?”