साफ केलेली भिंत

पुरातत्त्व हा शब्द आमच्या पेणकरपाड्यात कुणाच्या तोंडात बसेना. आईनं तो आपल्यापुरता सोपा करून घेतला होता. "लगनाची पोर आन चालली मढी उकराला!" असं ती शेजारणींना सांगे. एकोणीसशे सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय घेऊन मी बी.ए. झाले होते आणि आता एम.ए.ला उत्खननाच्या शिबिरात एक हिवाळा काढणं सक्तीचं होतं. शिबिर चालवणाऱ्या सरांचा शेरा चांगला मिळाला तरच पुढचं शिक्षण. इकडे मामानं एक स्थळ आणूनच ठेवलं होतं. आमचं लहानसं मिठागर होतं. त्यापलीकडे बाबा फारसे कशात पडत नसत. पण या वेळी तेच म्हणाले, "एक हंगाम जा. न्हाय जमला तर मामाला हो सांगतो."

मी जात्याच काळजी करणारी. त्यात हे! शिबिर घाटावर, नदीकाठी होतं. तोंडून 'हाय-न्हाय' निसटू नये म्हणून मी मीठ मागतानासुद्धा शब्द जुळवून बोले. बाकीची मुलं शिकल्यासवरल्या घरांतली. त्यांच्या हाताला फोड आले, माझ्या आले नाहीत, एवढाच काय तो आधार.

एका दुपारी सर म्हणाले, "उद्या या भिंतीचं चित्र काढायचंय. आज साफ करून ठेव." खणलेल्या खड्ड्याच्या उभ्या भिंतीत मातीचे थर दिसतात, काळे, पिवळे, राखेचे. त्यावरून कशानंतर काय घडलं ते कळतं. हे मी परीक्षेत पानभर लिहिलं होतं. पण 'साफ' ऐकलं आणि हात आपल्या वळणावर गेले. मिठागराचा बांध आम्ही साफ करतो तो ओल्या चिखलाचा हात फिरवून, एक भेग न ठेवता. मी बादलीभर पाणी आणलं आणि मन लावून भिंत लिंपून काढली. खोटं कशाला बोलू, झालीही होती सुरेख.

सर आले आणि बघतच राहिले. "थर कुठं गेले?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते ओरडले असते तर परवडलं असतं. "उद्यापासून तू खापरं धू," एवढंच म्हणाले.

खापरं धुणारीला कसला शेरा मिळणार? मला जेवण जाईना. न पाहिलेली सासू डोळ्यांपुढं येऊन बसायची.

अशात बाबा आले. ऐन मिठाच्या दिवसांत, न कळवता. म्हणजे घरी काहीतरी ठरलं असणार! पाण्याच्या टबाशी मला बघून ते म्हणाले, "भांडी घासाला आलीस काय इतक्या लांब?"

तेवढ्यात सर येऊन त्यांना खड्डा दाखवायला घेऊन गेले. आता हे भिंतीचं सांगणार! मी मागोमाग धावले. सरांनी सांगितलंच, काही न लपवता. ती भिंत वीतभर आत कापून पुन्हा तासली होती आणि थर स्वच्छ दिसत होते. बाबांनी मान हलवली. मग राखेच्या थरापाशी एक भेग दिसली तसे ते वाकले, पंजा ओला करायला जवळच्या पाण्याच्या बादलीत बुडवला आणि भिंतीकडे नेला.

"बाबा, हात न्हाय लावाचा!"

मी ओरडले होते. सगळी मुलं माझ्याकडे वळली. बापावर एवढा आवाज मी जन्मात चढवला नव्हता. बाबांनी हात मागं घेतला, धोतराला पुसला. सर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "उद्या सकाळी खड्ड्यात ये."

एसटीच्या थांब्यापर्यंत बाबा झपाझप पुढं चालले. मी त्यांच्या मागून चालत होते, माफीचे शब्द मनात जुळवत होते. गाडी आली. पायरीवर चढता चढता ते वळले.

"मामाला सांगतो," म्हणाले, "यंदा न्हाय."