मधुभाऊंच्या पडद्यावरची शिवण

चहा टाकला होता आणि वहिनींचा फोन आला. "बाई, सुटले तुमचे भाऊ." आवाजात रडणं नव्हतं. मीही रडले नाही. गॅस बंद केला, खुर्चीत बसले... आणि कुणी काही म्हणो, मला हायसं वाटलं. पोटाच्या दुखण्यानं त्या माणसाची केलेली दैना मी रोज पाहत होते. पण कारण तेवढंच नव्हतं. मधुभाऊंचा जीव एका कामात अडकला होता आणि ते काम आठवड्यापूर्वीच पार पडलं होतं.

फुलचूरला आमची घरं लागून. भाऊंचं मोटारपंपांचं दुकान, आणि वेड लघुपट काढण्याचं. मी शाळेतली बाई, पण त्यांच्या जवळपास प्रत्येक फिल्ममध्ये कुणाची तरी आई. तिशीत होते तेव्हापासून आईच, बाप्पा! एकदा चिडून विचारलं, निर्माता म्हणजे नेमकं करतो तरी काय? म्हणाले, "गाय पळाली तं गाय आनतो, दिग्दर्शक भांडला तं माफी मागतो, आन् सगळ्यायचं जेवन झालं का नाई ते पाहतो." आणि खरंच, तेवढंच करायचे. पण ते नसले की सेटवर सगळा सावळागोंधळ.

कामठा गावात काढलेल्या फिल्ममध्ये दुखवट्याचं घर हवं होतं. भाऊंनी पोपडे उडालेल्या भिंतीचं एक घर हेरलं, दिग्दर्शक खूश. शूटिंगच्या दिवशी पोचलो तर भिंत निळीशार! रंग अजून हाताला लागत होता. घरधनी नत्थूजी दारात उभे, चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. "पाहुने येऊन राहिले म्हनून रंगवलं," म्हणाले. दिग्दर्शकानं डोक्याला हात लावला आणि तोंडाला येईल ते बोलू लागला. भाऊंनी त्याला बाजूला ओढलं. "काऊन बोंबलून राहिला बे? तुयासाठी कोनं घर रंगवलं होतं का आजवर?" मग गोष्टच बदलली. दुखवटा गेला, त्या घरात पोरीचं लग्न ठरलं, आणि मी आपली नवऱ्या मुलीची आई.

फिल्म जमली. पुण्या-मुंबईच्या स्पर्धांमध्ये फिरली, टाळ्या घेऊन आली. नत्थूजी बाजारात भेटले की विचारायचे, "भाऊ, आमाले कधी दिसन?" भाऊ म्हणायचे, "आनतो ना." आणली, तेव्हा नत्थूजी नव्हते. आपली निळी भिंत न पाहताच म्हातारा गेला. भाऊंनी ते फार मनाला लावून घेतलं. दुकान उघडेनात, नीट जेवेनात. शेवटी वहिनींनी दोन पांढऱ्या चादरी मधोमध जोडल्या, कडेला नाड्या लावल्या आणि पडदा त्यांच्यापुढे टाकला. "घ्या, आता आधी गावाले दाखवा, मंग जगाले."

तो नियमच झाला. ज्या गावात शूटिंग, पहिला खेळ त्या गावात. शिवण मात्र नेमकी माझ्या नाकावरून जायची. मी कटकट करायची, "अहो, तोंडाचे दोन तुकडे दिसतात माझे!" भाऊ म्हणायचे, "दोनी चांगले दिसतेत, बाई."

शेवटची फिल्म नवेगाव बांधची. तिथल्या तळ्यावर जन्मभर मासे धरणाऱ्या जनाबाईंची. शूटिंग उरकलं आणि भाऊंनी अंथरूण धरलं. तेवढ्यात कुठल्याशा महोत्सवाचं बोलावणं आलं, पहिला खेळ आमच्याकडेच हवा, या अटीवर. दिग्दर्शक घुटमळला. भाऊ उशीवरून कडाडले, "मी मरून राहिलो म्हनून नियम मरते का? जनाबाई थकली हाय. तिले दाखवा आधी!" त्यानंतर मी डोकावले की एकच प्रश्न... दाखवली का? नत्थूजींसारखंच होणार, या धास्तीनं त्यांना झोप नव्हती.

शेवटी आम्हीच पडदा घेऊन गेलो. तळ्याकाठी दोन झाडांना बांधला. दिवेलागणीला खेळ सुरू झाला, मी भाऊंना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पडद्याकडे धरला. तिकडून भाऊंचा क्षीण आवाज आला, "पडदा कायले दाखवता? मानसायकडं फिरवा." फिरवला. जनाबाई शेजारणीला कोपरानं ढोसत होत्या, "अवो, हे तं मीच वो!" आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. फोनमधून वहिनी म्हणाल्या, "हासून राहिले बाई, हे पन हासून राहिले." त्या रात्री भाऊ शांत झोपले. पुढचा आठवडा त्यांनी काहीच विचारलं नाही.

तेरवी झाल्यावर नत्थूजींच्या सुनेचा निरोप आला, भाऊंची शेवटची फिल्म आमच्या अंगणात दाखवा. वहिनी आणि मी पडद्याची घडी घेऊन कामठ्याला गेलो. अंगणात पाय ठेवला आणि ओल्या रंगाचा वास आला. ती भिंत आता पांढरीशुभ्र होती. सून म्हणाली, "पाहुने येनार होते ना... आन् आता पडदा बांधाचं कामच नाई." वहिनी आधी हसल्या. मग भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडल्या, आणि डोळे पुसून म्हणाल्या, "बरं वाटलं, माय."

फिल्म सुरू झाली. वहिनी मांडीवर घडी घेऊन बसल्या होत्या, एक हात तिच्यावर. भिंतीवर जनाबाईंचा चेहरा अख्खा दिसत होता. आणि इतकी वर्षं जिच्या नावानं बोटं मोडली, ती शिवण मी त्या भिंतीवर शोधत बसले होते.