ओट्यावरून मोजलेली घरं

प्रेमदासला घाम फार. उन्हाळ्यात सगळ्यांनाच येतो, पण याच्या सदऱ्याची पाठ पौषातही ओलीच. मी म्हणायचो, या पोराच्या अंगात विहीर आहे. कारण वेगळं होतं. कमेटीत, म्हणजे नगरपालिकेत, तो खोल्या मोजणारा कारकून लागला होता, सहा महिन्यांचा, कच्चा. छप्पन साली त्याच्या वस्तीनं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, आणि त्या वस्तीतून सरकारी रजिस्टर काखेत घेऊन निघालेला हा पहिलाच माणूस. वस्ती सारी त्याच्या काखेकडं पाहायची. घाम येणार नाही तर काय!

काम एवढंच, की घरोघर जायचं, निजायच्या खोल्या डोळ्यांनी पाहायच्या आणि लिहायच्या. घरपट्टी त्यावर ठरायची. पण डोळ्यांनी पाहायला आत कोण घेतो? आमच्या पेठेत त्याला ओट्यावर बसवत. चहाही देत, त्याचा कप ओट्याच्या कोनाड्यातच राही. मग उंबरठ्याच्या आतून हुकूम सुटे, "लिह, दोन." तो लिही. चौदा घरं, आणि चौदाही घरांत बरोबर दोन-दोन खोल्या! इतकी समता आमच्या पेठेत पुन्हा कधी दिसली नाही. मीही दोनच सांगितल्या. माझ्या चार आहेत. आता वय झालं, बोलायला भीती कसली?

मग कागद आला. वर्ध्याहून साहेब येणार, शुक्रवारी पेठेतली घरं स्वतः तपासणार. मोजणी खोटी निघाली की कारकून घरी.

प्रेमदासची भाकर सुटली. बुधवारी तो आईपुढं जाऊन बसला. आई म्हणजे तानाबाई, गावची सुईण. दीक्षेनंतर तिनं गावकीची बाकीची कामं सोडली, बाळंतपणं तेवढी सोडली नाहीत. "पोर काई इचारून येते का?" म्हणायची. तर त्या दिवशी काय झालं ते तिनंच मला पुढं सांगितलं.

"माय, पेठेतल्या भैयाजीच्या घरी निजायच्या खोल्या किती? तुले तर ठाऊक अशीन."

तानाबाई तूर पाखडत होती. "ठाऊक आहे."

"मंग सांग ना."

"नाई सांगत. बाळंतिणीच्या खोलीतलं मी बाहेर आणलं, तर कोणती बाई मले दार उघडीन? तुह्या बापालेबी कधी सांगतलं नाई."

"माही नोकरी जाईन ना वं!"

"मोजाचं काम तुले देलं, मले नाई. आत जाय अन् मोज."

"आत घेत नाई थे लोक."

सूप थांबलं. "मले घेतात," एवढंच ती म्हणाली.

शुक्रवारी साहेबानं पहिलंच घर धरलं ते भैयाजीचं. भैयाजी म्हणजे कापसाचा अडत्या, माझा शेजारी. रस्त्यावरूनच त्याच्या घराच्या नऊ खिडक्या दिसत. साहेबानं रजिस्टर पाहिलं, खिडक्या पाहिल्या.

"दोनच?"

"दोनच जी," भैयाजी म्हणाला. "बाकी साऱ्या खोल्याईत कापूस भरला आहे."

साहेब प्रेमदासकडं वळला. "तू आत जाऊन पाहिलं?"

आम्ही सारे रस्त्यावर उभे. "हो" म्हणाला असता तर भैयाजीनंही मान डोलावली असती. प्रेमदासच्या हनुवटीवरून घाम रजिस्टरवर पडला.

"नाई साहेब. ओट्यावरून लिहिलं. साऱ्याच घरांचं."

"का?"

प्रेमदासनं कोनाड्यातल्या कपाकडं पाहिलं. भैयाजी ओट्याचे वासे मोजत होता.

"मग आत्ता जा. मोजून ये."

भैयाजी दारात आडवा झाला. "साहेब, तुमी या ना! हा काऊन? घरात सून आहे, दिवस भरत आले तिचे."

तेवढ्यात त्याच्या पाठीमागून, घराच्या पार आतून, तानाबाई आली. दोन्ही हात तेलानं माखलेले. भैयाजीच्या सुनेचं, कोकिळेचं, पोट चोळून आली होती. लेकाकडं पाहिलं, आडव्या झालेल्या भैयाजीकडं पाहिलं, आणि सरळ ओट्यावर येऊन प्रेमदासशेजारी बसली.

"मावशी, इथं काऊन बसली?" भैयाजी चपापला.

"लेकाची जागा ओट्यावर, तं मायचीबी ओट्यावर. तुमच्या नातवाचं बाळंतपण आता इथूनच करतो. तुमी आतून सांगजा, डोकं दिसलं का नाई थे."

रस्त्यावर कोणी तरी फस्सकन हसलं. मीच असेन. आतून कोकिळेचा रडका आवाज आला, "मामाजी, सरका नं दारातून!"

भैयाजी सरकला. प्रेमदासनं चपला काढल्या, रजिस्टर छातीशी धरलं आणि उंबरठा ओलांडला. तो बाहेर येईपर्यंत तानाबाई हाताचं तेल पदराला पुसत होती. हात कोरडे झाले, तरी पुसतच होती.

"पाच," प्रेमदास म्हणाला. "अन् कापूस एकाच खोलीत आहे, थे सहावी."

साहेबानं दोनावर काट मारली. "खरं बोललास म्हणून राहिलास. बाकीची तेरा घरं आत्ताच मोज. आतून."

दुसरं घर माझं. मी पळत जाऊन दोन्ही कवाडं सताड उघडली. माझ्या सुनेला सातवा लागला होता.