टाम्प्लीज

शिरूर कासारच्या एका गल्लीत उज्ज्वलाची पिठाची गिरणी आहे. बाई अंगानं बारीक, पण गिरणीच्या आवाजावर बोलायची सवय. त्यामुळे ती घरातही मोठ्यानंच बोलते. डब्यावर नाव नसलं तरी पोच्यांवरून तो कुणाच्या घरचा ते सांगते. दुपारी लाईट जाते आणि गिरणी बंद पडते. त्या वेळात आईला करमावं म्हणून दिवाळीत आलेल्या वैष्णवीनं तिच्या फोनमध्ये एक खेळ घालून दिला.

खेळात एक गल्ली असते आणि दोन मुली, एक पिवळ्या झग्यातली, एक निळ्या परकरातली. त्यांना बोटानं हलवता येत नाही. हलवायचा तो सूर्य. तो सरकवला की भिंतींच्या आणि झाडांच्या सावल्या सरकतात आणि मुली सावलीतून सावलीत पाय टाकत चालू लागतात. मागं नेला की पुन्हा सकाळ होते आणि त्याही मागं येतात. दोघींना मिळून कमानीपर्यंत पोचवायचं; एकटी पोचली तर चित्र संपत नाही.

"हा तर आमचा ऊन-सावलीचा खेळ की गं," उज्ज्वला म्हणाली होती.

"तुमचा कुठला, आई! परदेशात कुणीतरी केलाय."

"मग? तिकडं काय ऊन पडत न्हाई व्हय?"

तिला त्याचा नादच लागला. पिवळ्या झग्यातली ती स्वतः आणि निळ्या परकरातली सत्यभामा, हे तिनं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. सत्यभामा म्हणजे सत्ती, गल्लीच्या टोकाच्या रुक्मिणीबाईंची थोरली. दसरा झाला की तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे आणि सत्तीला अन् धाकट्या सिदूला संगं न्यायचे. सत्ती उन्हाळ्यात परतायची, मग दोघी दिवसभर अनवाणी गल्लीत. चौथीच्या वर्षी मात्र टोळी परतली ती सत्तीवाचून. रुक्मिणीबाईंनी सांगितलं, तिकडंच दिली तिला, कर्नाटकात. एवढ्याशा पोरीचं लग्न कुणाला नवं नव्हतं. उज्ज्वलानं मात्र कित्येक वर्षं वाट पाहिली. माहेरी कधीच न आलेली मैत्रीण जिवंत आहे की नाही, एवढं तरी कुणी सांगावं असं तिला वाटे. विचारायचा धीर झाला नाही.

खेळाच्या शेवटच्या चित्रात ती अडकली. सावली निळ्या मुलीच्या पायाशी आली, तरी मुलगी हलेना. उज्ज्वलानं फोन डोळ्यांजवळ नेला. मुलीनं उजवी मूठ ओठांना टेकवली होती.

भर दुपारच्या त्या बंद गिरणीत उज्ज्वलाच्या मानेवर काटा आला. ही खूण तिच्या गल्लीची होती. खेळता खेळता दम लागला की मूठ ओठांना लावून ओरडायचं, "टाम्प्लीज!" मग त्या पोराला कुणी शिवायचं नाही. पण त्यानंही जागचं हलायचं नाही. ज्याच्यावर राज्य तो "सुटली" म्हणेपर्यंत पाय उचलला तर बाद.

तिनं चित्राचा फोटो काढून वैष्णवीला पाठवला आणि लगेच फोन लावला.

"ही मूठ लावून कावून उभी राहिली गं?"

"कसली मूठ? दोन्ही हात खाली आहेत की तिचे."

उज्ज्वलानं पाठवलेला फोटो उघडला. हात खालीच होते. खेळात परत गेली. मूठ ओठांवर होती.

"आई, उन्हात बसली होतीस का?" वैष्णवी विचारत होती. उज्ज्वलानं फोन ठेवला, गिरणीला कडी घातली आणि गल्लीच्या टोकाकडं निघाली.

रुक्मिणीबाई अंगणात चिंचा फोडत बसल्या होत्या.

"ये गं उजे. आज हिंडायला आमचं घर घावलं व्हय?"

"मावशी, सत्तीला दिली ते गाव कोणतं?"

रुक्मिणीबाईंच्या हातातला दगड वरच राहिला. "इतक्या वर्सांत गाव कुणी इचारलं न्हवतं," त्या हळू म्हणाल्या. मग दगड खाली ठेवला. "लगीन न्हाई झालं तिचं. फडातच गेली. लेकरं पाचटाच्या कोप्यांम्होरं खेळत व्हती, ट्रक मागं येत व्हता. समदी पळाली. आमी लांबून वरडतोय, हल गं, हल! ही जाग्यावर उभी, तोंडाला मूठ लावून. ड्रायवरला मागचं दिसलंच न्हाई."

"मग लग्न झालं असं..."

"मेली म्हणलं की लोक इचारतात, कशी? कावून पळाली न्हाई? मला तरी कुठं ठावं व्हतं? भ्याली असंल, पाय उचलला नसंल, असं म्हणत आले."

मैत्रीण गेली, हे आता उज्ज्वलाला कळलं होतं. आणि ती का उभी राहिली, हे त्या अंगणात फक्त तिलाच माहीत होतं. सांगावं की म्हातारीला आहे तसं राहू द्यावं? ती खाली मातीत बसली आणि टाम्प्लीजचं सगळं सांगितलं. हलायचं नाही, तेही.

"मंजी भ्याली न्हवती?"

"न्हाई मावशी. तिला वाटलं, आता आपल्याला कुणी शिवू शकत न्हाई."

रुक्मिणीबाई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. तेवढ्यात सिदू शेळ्या घेऊन आला. डोक्याचे केस पांढरे व्हायला लागलेला, कुणाशी फारसं न बोलणारा माणूस. शेळ्या बांधायला तो वाकला तेव्हा आईनं विचारलं,

"सिदू, त्या दिशी राज्य कुणावर व्हतं रं?"

कोणता दिवस, हे त्यानं विचारलं नाही. दाव्याची गाठ अर्धी राहिली.

"माझ्यावर."

"मग तिला सुटली म्हणायचं न्हाई का, लेकरा?"

"म्हणलो की. ट्रक दिसल्याबरुबर म्हणलो. लई मोठ्यानं म्हणलो, आई." त्यानं उज्ज्वलाकडं पाहिलं, मग शेळीकडं. "तिला ऐकू गेलं. माझ्याकडं बघून हसली अन् मूठ आणखी घट्ट दाबली. मी खेळात लई लबाडी करायचो ना. ह्यो मला हलवून बाद करतोय, असं वाटलं तिला."

सुटलेली शेळी चिंचेच्या ढिगाला तोंड लावत होती, पण तिला हाकलावं असं कुणाच्या मनात आलं नाही. मग रुक्मिणीबाई जागच्या जागी थोड्या सरकल्या आणि शेजारच्या पोत्यावरची टरफलं हातानं झाडून त्यांनी सिदूला बसायला जागा केली.